आईचं काम मालकांच्या नावे

मी, सरजाबाई ज्ञानोबा हनमंते, वय ६९, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार नायगाव, जिल्हा नांदेड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कुणाची जबरदस्ती नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण घरातच काहींना शंका होती.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते मालकांना, म्हणजे माझे पती ज्ञानोबा यांना. त्यांच्यामागे आनंदराज आणि समीक्षा या लेकरांना निम्मं-निम्मं. मधे भिंत घालायची नाही. घातली तर मी बघून घेईन.

२. बोरमाळ सुनेला, धम्मप्रियाला. समीक्षाने तोंड वाकडं करू नये, तिला लग्नात दिलंय.

३. नाटक मंडळाचे अध्यक्ष विनोद यांनी एका साली हँडबिलात मला 'व इतर' मध्ये घातलं. त्यांना माझ्या रंगपेटीतला आरसा द्यावा. तोंड बघतील. दुसरं काही देऊ नये.

४. आता मुख्य. आमच्या वस्तीत दर भीमजयंतीला नाटक होतं. त्यातल्या आईचं काम मालक करायचे, नऊ वर्षं केलं. लुगडं नेसून हे रडायला लागले की समोरच्या बाया हुंदके द्यायच्या. १९८४ साली मी बैठकीत उठून म्हणाले, "बाईचं काम बाईनंच करावं. गड्याचं रडणं लई झालं!" टाळ्या पडल्या, काम मला मिळालं. तवापासून मालक स्टेजवर चढले नाहीत. दर साली पहिल्या रांगेत बसतात आणि मी रडायला लागले की खाकरतात.

मी बोलले ते बरोबरच होतं, अजूनही म्हणते. पण एक गोष्ट लपवली. ते रडणं माझं नाही. पडद्याआडून मालकांचं बघून बघून उचललेलं आहे. टाळ्या मी घेतल्या आणि एकदाही तोंडानं कबूल केलं नाही. याचं मला लई वाईट वाटतं.

सबब आईचं काम, लुगडं-चोळीसकट, मी मालकांना देते. मेल्यावर देऊन काय उपयोग? मला डोळ्यांनी बघायचंय. म्हणून एवढं कलम येत्या चौदा एप्रिलपासून लागू समजावं. नागसेन वकील म्हणाले, "काकू, असं चालत नसतं." मी म्हणाले, "चालवा."

५. सहीच्या वेळी घडलं तेही लिहून घ्यायला सांगितलं. मालक साक्षीदार म्हणून पेन उघडून पुढं आले. वकील म्हणाले, "काका, ज्याला मिळतंय त्यानं साक्षीला बसू नये."

"मला काय मिळायलंय?"

कागद हातात दिला. चौथं कलम त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "चोळी बसायची न्हाई आता. पोट सुटलंय." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "तालीम कवा हाय?"

तालीम परवा आहे, अशी नोंद करून मी राजीखुशीने सही करते.

सही: सरजाबाई ज्ञानोबा हनमंते

साक्षीदार:
१. संघपाल भद्रे, शेजारी
२. रत्नम्मा वीरभद्र स्वामी, मैत्रीण

ठिकाण: नायगाव
दिनांक: १२ मार्च २०२५