मुंबई ते नागपूर, एक तास पंचवीस मिनिटं

१४ नोव्हेंबर २००५
यमुनाताईच्या उन्नतीचं लग्न ४ डिसेंबरला, नागपूरला. मुहूर्त अकरा चाळीस. मी तिचा एकुलता एक मामा. भाचीला बोहल्यावर आणायचा मान माझा. विमानानेच जाणार.

१५ नोव्हेंबर
बायको, सुनंदा, म्हणते, रेल्वेने चला, परेश सगळ्यांची तिकिटं काढतोय. परेश म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा. फुगवायची उशी, बॅगेला साखळी, डब्यात दशम्या. असल्या माणसाचं घोरणं रात्रभर ऐकायचं? आमच्या चिरंजीव सिद्धेशच्या अ‍ॅटलासवर दोरा लावला. विमानाने सातशे किलोमीटर, एक तास पंचवीस मिनिटं. परेशला चौदा तास. कीव आली.

२२ नोव्हेंबर
तिकीट आलं. लग्नाच्याच दिवशी, सकाळी सातचं. साडेआठला नागपूर, नऊला हॉल. ताईचा फोन, आदल्या दिवशी हळदीला ये रे. हळदीत माझं काय काम? वेळेची किंमत नाही या लोकांना.

३० नोव्हेंबर
भुईगावचा ओळखीचा टोनी त्याच्या ओम्नी गाडीतून एअरपोर्टला सोडणार. म्हणतो पहाटे साडेतीनला निघू. त्याचं अर्धं गाव कुवेतला, प्रत्येकाला सोडायला गाडी भरून माणसं. तीच सवय. सव्वा-दीड तासाच्या प्रवासाला साडेतीन तास आधी निघायचं? तोंडावर हसलो. वसईपलीकडे, इथे फुलपाड्यात, आमच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात. एअरपोर्ट लांब असतं तर दिसली असती का? सव्वापाचला ये म्हटलं.

३ डिसेंबर
सुनंदा, सिद्धेश, परेश कालच गेले. जाताना परेश अलार्मचं घड्याळ देऊन गेला. कपाटात टाकलं. उन्नतीला वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आवडतात; किलोभर घेतली. कोट इस्त्री करून आणला.

४ डिसेंबर, सकाळी, एअरपोर्ट
सहा चाळीसला पोचलो. म्हणजे वीस मिनिटं लवकरच. काउंटरवरची पोरगी म्हणते, बंद झालं. अहो, विमान अजून जमिनीवर आहे! आमच्या डेपोत सुटलेली एसटीसुद्धा हात दाखवला की थांबते. इथे सगळा मख्ख कारभार. शेवटी दहाच्या विमानात जागा मिळाली. अकरा पंचवीसला नागपूर. भटजी लोक मंगलाष्टकं लांबवतातच. जमेल.

४ डिसेंबर, दुपारी, हॉल
पोचलो तेव्हा पहिली पंगत उठत होती. सुनंदाने पाट दाखवला. पान वाढताना एवढंच म्हणाली, "मुलीच्या मामाला भटजींनी तीनदा हाक मारली."
मग परेश उठला म्हणे. मामाचा फेटा त्याच्या डोक्यावर होता. बावळट दिसत होता.
उन्नती पाया पडली, वर बघितलं नाही. सुकेळी द्यायची राहूनच गेली. ताई जवळ आली नाही.
विमान तासभर उशिरा उडालं, पण उडाल्यावर बरोब्बर एक तास पंचवीस मिनिटं लागली. दोघातिघांना सांगितलं. ते मठ्ठा आणायला गेले.
मग फोटोवाला स्टेजवरून म्हणाला, मुलीचे मामा या. मी कोट नीट करून पुढे झालो.
"तुम्ही नाही काका," तो म्हणाला, "ते फेटेवाले."