अर्धा वार आखूड

प्रिय कहकशां बेटा,

सगळ्यात आधी आला तो लालमहंमद रिक्षावाला, अन् तोही गल्लीच्या तोंडापासून ओरडत, की बेगमबी, बाहेर या, विलायतेचे पाव्हणे तुमच्या दारात उतरून राहिले! माझी भाकरी तव्यावर. येऊन बघते तर एक उंच म्हातारा, उन्हानं टमाट्यासारखा लाल झालेला, आणि त्याची बायको मेगन, माझ्याच वयाची, पण पायात बूट अन् चाल अशी की मी मागं पडावं. किल्ल्याच्या दरवाज्याजवळ सावलीचं घर आपलंच, म्हणून लालमहंमदनं थेट इथं आणलं. भाकरी करपली ती करपलीच.

तुझ्या शाळेतल्या सिंधुबाईंना बोलावून घेतलं, त्यांच्या इंग्रजीवर सगळं चाललं. म्हातारा भूकंपाच्या साली किल्लारीकडं बेघरांसाठी तंबू ठोकायला आला होता म्हणे. तेव्हा जाता जाता आपला किल्ला त्यानं गाडीतूनच बघितला, तो मनात राहिला, आता बायकोला दाखवायला आणलं. त्यांचं गाव वेल्स नावाच्या मुलखात, समुद्राच्या काठी. नाव सिंधुबाईंनी तीनदा सांगितलं, माझ्या तोंडात बसलं न्हाई. पण फोटो लई दाखवले. किल्ला असा, की पाणी भिंतीशी येऊन टेकतंय. एक लाल घर इतकं लहान, की आपलं न्हाणीघर त्याच्याहून मोठं निघेल, अन् तेही लोक तिकीट काढून बघतात! डोंगरात एक तांब्याची खाण, हजारो वर्षांमागं माणसांनी जनावरांच्या हाडांनी उकरलेली. आणि तो किल्ला लोकांना फिरवून दाखवायचं काम ही मेगनबाईच करते, तीस वर्षं झाली. मला तर असा आनंद झाला, की मी तिला दुसऱ्यांदा चहा दिला.

तुझ्या अब्बानं मात्र हे ऐकून तोंड फिरवलं. तू फोनवर बोललीस ना, की लातूरचं कोचिंग सोडायचंय, डॉक्टर व्हायचं न्हाई, इतिहास शिकायचाय, तेव्हापासून तीन आठवडे त्यानं घरात तुझं नाव काढलेलं न्हाई. अख्खी गल्ली पोरं लातूरला पाठवते, माझीच परत येणार का, एवढंच म्हणाला होता. आसिफ माझा लेक आहे, त्याचा राग मला माहीत आहे. आतून भीती असली की तो असा गप बसतो.

आता माझा गुन्हा ऐक. ती किल्ल्याची वही रद्दीत घाल, ती दिसली की अभ्यास होत न्हाई, असं तू ईदला सांगून गेलीस. मी घातली न्हाई. गव्हाच्या कोठीमागं ठेवली होती. ती काढली अन् मेगनबाईच्या हातात दिली. बाई चष्मा लावून पान न् पान बघत बसली. दरवाज्यावरच्या फारसी ओळी तू उतरवल्यास, त्यावर तर तिनं बोटच ठेवून दिलं. मग म्हणाली, चला, वही घेऊनच फिरू. आसिफला यायचं नव्हतं, पण पाव्हण्यांना बायामाणसांवर कसं सोडणार, म्हणून आला. वही त्याच्याच हातात. चाळीस वर्षं किल्ल्याच्या सावलीत राहिला अन् त्या दिवशी लेकीचं अक्षर वाचून त्याला कळलं, की कोणता बुरूज कोणता.

खंदकाकडच्या भिंतीशी घोटाळा झाला. तू लिहिलंस, दादीच्या साडीनं मोजली, बावीस साड्या, म्हणजे एकशे बत्तीस वार. म्हाताऱ्यानं हौसेनं फीत काढून मोजली, तर भरली एकशे एकवीस. झालं, आसिफला तेवढंच पाहिजे होतं. दोन वर्षं फिजिक्स शिकतीय अन् पोरीला भिंत मोजता येईना, असं म्हणाला, तेही सगळ्यांसमोर. मला असा राग आला! तशीच घरी गेले, तू मोजायला घेतलेली ती हिरवी इरकल साडी पेटीतून आणली अन् म्हटलं, धर टोक.

एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मेगनबाई. साडी भरली साडेपाच वार. आतलं टोक बघितलं तर फाटलेलं, शिवण न्हाई, काही न्हाई. मेगनबाई विचारत होती, हे कसं झालं. आसिफ ते टोक हातात घेऊन पायरीवर बसला तो बसलाच.

तुला हे कधी सांगितलं न्हाई, बेटा. भूकंपाच्या पहाटे भिंतीला चीर गेली, माझ्या पायावर रांजण पडला. तू पाच वर्षांची. एकाच माणसाला दोघींना उचलायचं होतं. तुझ्या अब्बानं माझ्या नेसूच्या साडीचं टोक फाडलं, तुला पाठीशी बांधलं, मला हातांवर घेतलं अन् किल्ल्याच्या मैदानात आणून ठेवलं. आठ दिवस आपण तिथंच झोपलो. किल्ल्यानं एक दगड टाकला न्हाई आपल्यावर. तू मोजलेल्या बावीस साड्या बरोबरच होत्या, साडीच अर्धा वार आखूड होती, आणि ती त्यानं तुझ्यासाठी फाडली होती. हे सारं मी तिथं बोलले अन् सिंधुबाईंनी पाव्हण्यांना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मग काल आसिफ बाजारातून आला अन् तुझ्या खुंटीला काहीतरी अडकवलं. बघते तर मोजायची फीत, मोठी, चामड्याच्या डबीतली. आज सकाळी समोर बसला अन् म्हणाला, अम्मी, तू लिही, माझ्यानं होत न्हाई. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी पहिल्या गाडीनं तो तुला घ्यायला येतोय, पेटी बांधून ठेव. जूनमध्ये इथल्याच कॉलेजात इतिहासाला नाव घालायचं. रस्त्यात तो गप राहील, तू मनाला लावून घेऊ नको. वहीतले सगळे आकडे आधी नीट करायचे आहेत, फितीचं दुसरं टोक तो धरणार आहे, तसं कबूल करून घेतलंय मी. अन् वेळ थोडाच आहे, कारण पाव्हणे विजापूर अन् हंपी बघून परत येणार आहेत, या खेपेला किल्ला तुझ्या तोंडून ऐकायला. मेगनबाईनं स्वतःच्या हातानं आपल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय, शुक्रवार, बारा जानेवारी.

तुझीच, साडेपाच वारांची,
दादी