घासलेलं लेबल

गुरुवार, संध्याकाळ

अंग मोडून आलंय, तरी लिहिते. घोटीचे भिकाकाका आज जीप घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात परत आले. डोंगरात अडकलेल्यांना ते खाली आणतात. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून जीपमध्ये जुना वायरलेस सेट. परवा मीच त्याला नवा माइक जोडून दिला होता. सेटमागचं लेबल घासलेलं. समोरून ओळखीच्या मॉडेलसारखा वाटला, म्हणून त्याच्यासारख्याच वायरी जोडल्या.

"ताई, मला सगळ्यांचं ऐकू येतंय, माझंच कोणाला जात नाय," काका म्हणाले. "काल एक पोरगी पाय मोडून पडलेली. दोन तास माइकवर वरडत होतो. शेवटी एकट्यानंच पाठीवर आणली."

झाकण उघडलं. आतला नंबर वाचला तर मॉडेलच वेगळं. माइकच्या वायरी चुकीच्या जागी. लेबल घासलेलं दिसत होतं, मग परवाच का नाही उघडलं? कंटाळा केला, दुसरं काय. सेट जुना झालाय असं मी म्हणाले असते, तरी काकांना पटलं असतं.

"काका, चूक माझी आहे."

मी वायरी बदलल्या. त्यांनी हाक दिली, घोटीहून लगेच उत्तर आलं. माइक ठेवत म्हणाले, "पोरगी बरी हाय आता. ताई, तुम्ही जेवल्या का?"

रागावले असते तर झेपलं असतं.