गुलाबी कागदावरचा अग्रलेख

लश्कर, ग्वाल्हेर
१२ जानेवारी १९४४

ती. अक्कास गोविंदाचा नमस्कार. वनमाला व मुलंही वाकून उभी आहेत.

तिळाचे लाडू पोचले. ज्या पोलिश वर्तमानपत्रात बांधले होतेस तेही जपून ठेवलं. तुमच्याकडच्या वळिवड्याच्या छावणीतली ती पोलिश निर्वासित माणसं घरदार गमावूनही आपल्याच भाषेत बातम्या वाचतात, हे तू लिहिलंस आणि मला लाज वाटली.

कारण युद्धामुळे कागद मिळेना, म्हणून आमचं मराठी साप्ताहिक बंद करायचं घाटत होतं. छापखान्याचे मालक महिपतराव म्हणाले, "सोडा आता, पंत! पोरं घरातसुद्धा हिंदी बोलतात. तुमचा अखबार वाचणार कोण?"

"तुम्ही," मी म्हटलं. "नाहीतर दर शनिवारी चिडणार कुणावर?"

ते हसले आणि लग्नपत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद काढून दिला. आता बाड्याच्या चौकातल्या खड्ड्यांवरचा माझा अग्रलेख मंगलकार्याच्या आमंत्रणासारखा दिसेल.

वनमालेचा खोकला बराच कमी आहे, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

कागद तीनच अंकांचा आहे. पण चौथ्याची जाहिरात मी पहिल्यातच छापायला दिली, म्हणजे महिपतरावांना आणि मला माघार घेता येणार नाही.

तुझा हट्टी भाऊ,
गोविंदा