देशासाठी बिनपगारी आरोग्यसेवक

१० जून १९५७, नंदुरबार
वरून परिपत्रक आले. फ्लूच्या साथीत आणि साथीनंतर देशाला आरोग्यसेवक किती व कसे लागतील, सूचना मागवल्यात. हे सॅनिटरी इन्स्पेक्टरलाच विचारायचे असते, हे मुंबईला उशिरा का होईना कळले. उद्यापासून पहाटे उठून योजना लिहिणार.

११ जून
उठलो नाही. मेंदूला विश्रांती लागते.

१७ जून, तोरणमाळ
घाट चढून पाय गेले. घरोघरी ताप. आमची हंगामी नर्स रंजनाबाई एकटी धावते आहे. मदतनीस मागते. म्हटले, आधी योजना होऊ दे.
गोवाल नावाच्या शेतकऱ्याने लाह म्हणजे काय ते सांगितले. एकाच्या शेतात सारा पाडा राबतो, मजुरी कोणी घेत नाही. अंगावर काटा आला. बिनपगारी आरोग्यसेवक! दिल्लीला बोलावतील. कोट शिवायला टाकला पाहिजे.

१९ जून
आरोग्याची लाह बोलावली. पेरणी सोडून माणसे आली. आजाऱ्यांना पाणी दिले, पेज भरवली. संध्याकाळी माझ्या दारात बसून राहिली. कौतुक हवे असणार, म्हणून राष्ट्रकार्यावर भाषण केले. तरी हलेनात. रंजनाबाई कानाशी म्हणाली, "सायेब, लाह शे. जेवन देनं पडस."
जेवण योजनेत बसत नाही.

२० जून
कोणी फिरकले नाही. राष्ट्रभावना कमी. तसा शेरा लिहिला.

२१ जून
आली! भाषण उशिरा पोहोचले. गोवाल म्हणतो, रंजनाबाईने रात्री पदरचे दाणे काढून सगळ्यांना जेवू घातले. तपशील गौण. अहवालात 'खर्च शून्य'.

५ सप्टेंबर, नंदुरबार
साथ ओसरली. योजना धाडली. सार: लोक फुकट राबतात तेथे पगारी माणूस नको. रंजनाबाईला वाचून दाखवली. नुसती बघत राहिली. आदर असावा.

१२ ऑक्टोबर
मंजूर! पेढे वाटले. तोरणमाळची नर्सची जागा रद्द. रंजनाबाई सुरतेच्या दवाखान्यात लागली.

२ नोव्हेंबर
गोवाल डोंगर उतरून आला. ताप पुन्हा आलाय, त्याची बायको अंथरुणात. बाई कुठे, म्हणाला. म्हटले, लाह करा. म्हणाला, माणसे जमतील, पण कोणती गोळी द्यायची ते कोण सांगणार? या लोकांना योजना समजत नाही.

९ नोव्हेंबर
हुकूम आला. माझ्याच शिफारशीनुसार देखरेखीचीही पगारी जागा नको. म्हणजे माझी. बायको पार्वती विचारते, आता काय? म्हटले, शिफारस शब्दशः मान्य झाली, असे भाग्य कोणाचे? ती आत गेली.
गोवालची बायको वारली म्हणे.