मातीचे डोळे

सेनगाव
मार्च २००४

तीर्थरूप बाबा,

तुम्ही गेल्यावरही आनंदाची बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते. प्राचीन रोमवरचा माझा प्रबंध मान्य झाला. आता तुमची गुंजन डॉक्टर झाली, पण औषध न देणारी.

लहानपणी माझी नजर जाता जाता वाचली. ती कोणामुळे, यावरून तुम्ही आणि आई जन्मभर भांडलात. तुम्ही दवाखान्यातले कंपाउंडर. म्हणायचात, "माझ्या थेंबांनी." आई म्हणायची, "म्या देवीला चांदीचे डोळे वाहिले म्हणून."

काल आईनं विचारलं, "येवढे वर्षं काय वाचून राहिली व्हतीस गं?"

मी सांगितलं, रोमची माणसं डोळ्यांना वैद्याचा लेप लावायची, देवाला नवसही बोलायची. बरं वाटलं की देवळात मातीचे डोळे वाहायची. दोन्हींवर त्यांचा विश्वास होता.

आई तुमच्या फोटोकडे बघून हसली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "म्हंजी तुझे बाबा बी बराबर व्हते. पर त्यायला सांगू नको, लई चढून बसतील."

म्हणून सांगत नाही, बाबा. नुसतं लिहून ठेवतेय.

तुमची लाडकी,
गुंजन