बुडखा वर, शेंडा खाली

एटापल्ली, १८ मे १९८५

आदरणीय हरिदासभाऊंना धाकट्या गुणवंताचा जंगलातून कडक जयभीम.

तुमचा खोकला कसा आहे? कोळशाच्या खाणीत हजेरी घेणाऱ्या माणसाला खोकला नसेल तर लोक त्याला कामचुकार समजतात, हे मान्य. तरी औषध घ्यावं. आईचे गुडघे आणि वहिनींची तब्येत यांचीही खुशाली कळवावी. इकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य पत्राची रीत म्हणून लिहिलं आहे. पुढचं वाचेपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा.) कांताला आठवा महिना लागला आहे, आणि आज लिहायला बसलो ते मुख्यतः कपाटाबद्दल.

आमच्या भाड्याच्या घराच्या भिंती मातीच्या. त्यात फळी ठोकली की फळीसकट भिंत हातात येते. लोखंडी कपाट एस.टी.च्या टपावरून इथवर आणायचं म्हटलं तर ते पोचेपर्यंत त्याचा पत्र्याचा डबा होईल. तेव्हा मी ठरवलं, कपाट लाकडाचं, आपल्या पायांवर उभं राहणारं आणि आपल्या डोक्याने काढलेलं. कंपास, पट्टी घेऊन नकाशा मी स्वतः काढला. वर रुंद कंगोरा, मध्ये तीन खण, आणि खाली निमुळते होत गेलेले चार पाय, गडचिरोलीच्या डॉक्टरसाहेबांच्या दिवाणखान्यात आहेत तसे. लाकूड वनखात्याच्या डेपोतून रीतसर घेतलं. एकच सरळसोट साग, तोच उभा चिरून चार खांब. काम लटारू मिस्त्रीला दिलं. लटारू हा माणूस कामापेक्षा कामाबद्दल जास्त बोलतो, पण कपाट झालं तेव्हा मीही तोंडात बोट घातलं. ते घरात आणायला सहा माणसं लागली आणि सहाही जण नंतर ओसरीवर आडवे झाले.

पहिल्याच दिवशी कांताने त्यात साड्यांची चळत ठेवली. दुपारी बघितलं तर सगळ्यात खालची साडी सगळ्यात वर. मला वाटलं, कांताने केलं. तिला वाटलं, मी. (नवराबायकोत असे समज असतातच, त्यावर संसार चालतो.) मग लोणच्याची बरणी. तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ठेवलेली बरणी तोंडावर उभी सापडली, आणि फळीवर तेलाचा एक थेंब नाही. मी म्हटलं, उंदीर. कांता म्हणाली, असा उंदीर असेल तर त्याला शाळेत नोकरी द्या. तिसरी गोष्ट मात्र फक्त तुम्हालाच सांगतो. आतल्या बाजूला मी आपल्या वडिलांचा फोटो खिळ्याला लावला होता. दार उघडलं तर बाबा डोकं खाली करून, पण नेहमीच्याच नाराज चेहऱ्याने माझ्याकडे पाहत होते. खिळा तोच. भाऊ, फ्रेमला खालच्या बाजूने कडीच नाही. ती कशाला अडकली होती हे मी नीट पाहिलं नाही. पाहण्याची इच्छा झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला विज्ञानाचा मास्तर हे काय लिहून राहिला! म्हणूनच मी प्रयोग केला. भर दुपारी, लख्ख उजेडात, काठोकाठ पाण्याचा ग्लास मधल्या खणात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि समोर खुर्ची टाकून बसलो. बाहेर वाऱ्याचा मागमूस नव्हता. थोड्या वेळाने आतून सळसळ ऐकू आली. सागाची मोठी पानं हलतात तशी. पण झाडाची पानं आपल्या डोक्यावर वाजतात, ही माझ्या पायापाशी, कपाटाच्या तळातून वाजत होती. कुलूप काढलं. ग्लास फळीवर उपडा होता आणि पाणी त्याच्या आतच. हवेच्या दाबाचा हाच प्रयोग मी सातवीला दरवर्षी करून दाखवतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही, असं मी कांताला सांगितलं. मग ग्लास उचलला आणि सगळं पाणी माझ्या पायावर आलं. ते फार थंड होतं. मे महिन्यात आमच्या घरात इतकं थंड पाणी नसतं.

हे सगळं मी हवेच्या दाबावर ढकललं असतं. पण नर्स इंदुताई कांताला तपासायला आल्या आणि पोट दोनदा चाचपून म्हणाल्या, डोकं वर आहे. बाळ उलटं आहे. फिरलं नाही तर नाल्यांना पूर येण्याआधी हिला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्या, इथे पायाळू बाळंतपणाची जोखीम मी घेणार नाही. त्या गेल्यावर कांताने कपाटाकडे पाहिलं. रोज दुपारी ती गारव्यासाठी त्याच कपाटाला पाठ लावून बसायची. "तुमी हवेचा दाब, हवेचा दाब करत राह्यले," ती म्हणाली, "अन् माह्या पोटातलं लेकरू उलटं झालं."

दुसऱ्या दिवशी सासूबाई, म्हणजे बायनाबाई, आल्या. त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही. कपाटाच्या खांबावरून बोट फिरवलं, लाकडातल्या गाठी पाहिल्या आणि लटारूला बोलावणं धाडलं. तो येताच म्हणाल्या, "झाडाले डोक्यावर उभं केलं का रे? त्याच्या पोटात जे ठेवशीन ते उलटंच होईन ना!" लटारूने कान खाजवला. "बाई, गुर्जीच्या नकाशात पाय खाली बारीक होते. झाड वर बारीक रायते. मंग मी बुडखा वर केला अन् शेंडा खाली. रंदा माराची मेहनत वाचली." हे सांगताना त्याला स्वतःचं कौतुकच वाटत होतं!

मग आम्ही कपाट उलटं केलं. सहा माणसं बोलवायला लटारू निघालाच होता, तोवर मी आणि त्याने सहज हात लावून पाहिला. भाऊ, ते झोपेत कूस बदलावी तसं आपणहून फिरलं. आतून एक लांब श्वास सुटला. लटारू हत्यारं तिथेच टाकून गेला. आता कपाट कंगोऱ्यावर उभं आहे आणि त्याचे चार नाजूक पाय छताकडे आहेत. आमचे हेडमास्तर वामनराव चहाला आले होते. त्यांनी विचारलं, पाय वर कसे? मी म्हटलं, पुण्याकडे हल्ली अशीच पद्धत आहे. त्यांनी एका पायाला छत्री अडकवली आणि म्हणाले, सोयीचं आहे.

आत ठेवलेल्या वस्तू आता सरळ राहतात. यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
गुणवंत

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तोच इंदुताई येऊन गेल्या. बाळ फिरलं आहे. डोकं खाली आहे. आठव्या महिन्यात बाळं पुष्कळदा आपली आपण फिरतात, असं त्या म्हणाल्या. मीही तेच म्हणतो. कांता ऐकून रडली. मी परसात जाऊन उभा राहिलो.

ता. क. २. एक बारीकसं काम आहे. त्याच सागाचं उरलेलं लाकूड मी लटारूला आधीच पाळण्यासाठी दिलं होतं. (जन्माआधी पाळणा करू नये म्हणतात, तेही मला मोडीत काढायचं होतं.) लटारू आज भीतभीत दारात आला आणि विचारू लागला, "गुर्जी, कपाट तं उभं रायते. पाळण्याचं लाकूड आडवं. बुडखा कोन्या बाजूनं ठिऊ? लेकराच्या डोक्याकडे का पायाकडे?" बायनाबाईंना माहीत नाही. मला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. दुसरं लाकूड घे म्हणालो, तर बायनाबाई म्हणतात, आता त्या झाडाले नाराज करू नोका. आईला माहीत असेल. तिला सहज विचारल्यासारखं विचारा, माझं नाव सांगू नका.

ता. क. ३. नको. विचारून कळवाल तर उलटपत्राला आणखी आठवडा जाईल. माझं नाव सांगा आणि आईला घेऊनच या. अंगणात ठेवलेलं ते लाकूड आज दुपारपासून सळसळतं आहे आणि कांता पोटावर दोन्ही हात ठेवून ऐकत बसली आहे. मला फार भीती वाटते, भाऊ.